कीबोर्डाचा ‘मराठी ड्रायव्हर’ आणि त्या मेसेजमधला घोळ

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: यूएसबी कीबोर्ड-माउस नुसता जोडून भागत नाही, कंपनीचा ड्रायव्हर (उपकरण कॉम्प्युटरशी जुळवून देणारा छोटा प्रोग्रॅम) घालावाच लागतो, नाहीतर तो सावकाश चालतो. कर्नाटकात मिळणारे कीबोर्ड कन्नडसाठीच असतात, मराठीला वेगळा ड्रायव्हर लागतो. आणि कीबोर्ड अडला तर खालच्या लिंकवरून ‘ड्रायव्हर अपडेटर’ उतरवून घ्या. मेसेजचा सगळा जीव त्या लिंकेत आहे, हे कळायला इंजिनियर असायची गरज नाही.

ड्रायव्हर लागतो, एवढं खरं. पण तो विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये आधीपासूनच असतो. यूएसबी १९९६ साली आलं, आणि कीबोर्ड, माउस, जॉयस्टिक यांसाठी एचआयडी (ह्यूमन इंटरफेस डिव्हाइस) नावाचा सामाईक नियम ठरला. जोडल्या जोडल्या उपकरण स्वतःच सांगतं, मी या वर्गातलं, माझी माहिती या क्रमानं येईल. कंपनी कुठलीही असो, विंडोज मग आपला ठरलेला ड्रायव्हर लावतं. कोपऱ्यात ‘ड्रायव्हर इन्स्टॉल होतोय’ असं दिसतं ते हेच. बहुतेक कीबोर्ड-माउसना सिरियल नंबर नसतो, म्हणून तोच माउस दुसऱ्या पोर्टात घातला की विंडोजला तो नवाच वाटतो आणि तीच सूचना पुन्हा येते. लोकांचा गैरसमज इथूनच सुरू होत असावा.

सावकाश चालण्याचं म्हणाल तर, ‘कुठली कळ दाबली?’ असं कॉम्प्युटरनं किती मिलिसेकंदांनी विचारत जावं हेसुद्धा कीबोर्डच सांगतो. साध्याचं आठ-दहा, गेमिंगवाल्याचं एक. ड्रायव्हरच्या सीडीनं साध्याचा गेमिंगवाला होत नाही.

आता कन्नड-मराठीचं. आपल्याकडे हा मुद्दा लगेच चिकटतो, म्हणून जरा सविस्तर. कीबोर्डाला कुठलीच भाषा येत नाही. ‘के’ची कळ दाबली की तो फक्त १४ हा आकडा पाठवतो. त्याचं काय करायचं ते कॉम्प्युटरमधला लेआउट, म्हणजे कुठल्या कळेला कुठलं अक्षर याची यादी, ठरवतो. इंग्रजी असेल तर के. मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठी ठरलेली कळांची मांडणी) असेल तर क. कन्नड इनस्क्रिप्ट असेल तरीही क, फक्त कन्नड लिपीतला! कळ तीच, बोटही तेच. नुडी किंवा श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरांचा लेआउट वेगळा असला तरी आकडा तोच जातो. कळांवर कन्नड अक्षरं छापलेली असली तर ती शाई आहे, ड्रायव्हर नव्हे. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषांत मराठी जोडा, विंडोज कळ धरून स्पेस दाबा, झालं.

खात्री पाहिजे तर एखाद्या मेडिकल दुकानात बघा. बिलिंगचा यूएसबी बारकोड स्कॅनर बहुतेक वेळा कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणूनच दिसतो. लेआउट मराठी इनस्क्रिप्टवर राहिला असेल तर बॅच नंबरातल्या मोठ्या ‘के’ आणि ‘एल’च्या जागी ख, थ उमटतात. दुकानदार स्कॅनरला शिव्या घालतो, स्कॅनर बिचारा आकडेच पाठवतोय.

वेगळा ड्रायव्हर खरोखर लागणाऱ्या वस्तू आहेत की! आधारच्या कामाचा अंगठ्याचा स्कॅनर, बरेचसे प्रिंटर, चित्रकलेच्या टॅब्लेटची खास बटणं. सेवा केंद्रात अंगठ्याच्या यंत्राचा ड्रायव्हर घालताना पाहिलेला माणूस माउसलाही तेच लावतो, त्यात त्याचा दोष नाही.

राहिला अडलेला कीबोर्ड. आधी पोर्ट बदला, मग दुसऱ्या मशीनवर लावून बघा. तिथंही अडला तर वायर नाहीतर कळा गेल्या, अपडेटर काय करणार? एक अपवाद ऐका. २०१५ नंतरच्या बऱ्याच मशीनवर विंडोज ७ घालताना कीबोर्ड-माउस दोन्ही गप्प बसायचे. पण तिथं कमी होता तो यूएसबी ३ पोर्टाचा ड्रायव्हर, कीबोर्डाचा नव्हे. त्याच मशीनच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, तोच कीबोर्ड बिनबोभाट चालायचा.

आणि एचआयडीची खरी उणी बाजू त्या मेसेजात नाहीच. उपकरण ‘मी कीबोर्ड’ म्हणालं की कॉम्प्युटर विश्वास ठेवतो. पेनड्राइव्हसारखी दिसणारी वस्तूही तसं म्हणू शकते आणि तुमच्या डोळ्यांदेखत भराभर कमांड टाइप करू शकते. २०१४ मध्ये ‘बॅडयूएसबी’ नावानं हे जाहीरपणे दाखवलं गेलं. सापडलेला पेनड्राइव्ह लावू नका, आणि ती लिंकही उघडू नका.