भाडं थेट मालकाला दिलं की थकबाकी संपते?

ब्रिटनमध्ये ज्या मराठी मंडळींनी एखादा फ्लॅट घेऊन भाड्याने दिलाय, त्यांच्यात एक मेसेज सारखा फिरतो. सार असं: "युनिव्हर्सल क्रेडिटमधलं घरभाडं सरकार भाडेकरूच्या हातात देतं, तो ते उडवतो. थेट मालकाला द्या. थकबाकी संपेल, आणि भत्त्यावरच्यांना घर द्यायला कुणी कचरणार नाही." (युनिव्हर्सल क्रेडिट म्हणजे कमी उत्पन्नाच्या किंवा बेरोजगार लोकांना मिळणारा सरकारी भत्ता; घरभाडं त्यातच धरलेलं असतं.) माझाही एक फ्लॅट भाड्याने आहे आणि भाडेकरू भत्त्यावरच आहे. तरी मला हे पटत नाही.

सरकार थेट देतच नाही, ही समजूतच मुळात चुकीची. उत्तर आयर्लंडमध्ये भाडं एरवी मालकाकडेच जातं. स्कॉटलंडमध्ये 2017 पासून भाडेकरूने मागितलं की तसं होतं. इंग्लंड-वेल्समध्ये दोन महिन्यांचं भाडं थकलं की मालक अर्ज करू शकतो.

पैसे उडवतात? काही जण उडवतात, नाही कशाला म्हणू. 2012-13 मध्ये सरकारनेच एडिंबरा, ऑक्सफर्ड, वेकफील्ड अशा सहा ठिकाणी भाडं हातात देऊन पाहिलं, तेव्हा थकबाकी वाढली होती. मेसेजवाले इथेच थांबतात. ती वाढ मुख्यतः सुरुवातीच्या महिन्यांतली होती आणि पुढे बरीच ओसरली, हे सांगायचं राहून जातं.

खरी मेख रकमेत आहे. खासगी भाड्यासाठीच्या भत्त्याची मर्यादा 2011 पासून त्या भागातल्या स्वस्तातल्या 30 टक्के घरांच्या पातळीवर आणली. मग 2016 ते 2020 दर गोठवले, 2020 आणि 2024 मध्ये वाढवले, दोन्ही वेळा पुन्हा गोठवले. भाडी कुणासाठी थांबली नाहीत. माझी भाडेकरू केअर होममध्ये रात्रपाळी करते. भत्ता आणि भाडं यांत महिन्याला 140 पौंडांचं अंतर पडतं. ते ती पगारातून भरते, कधी दोन हप्त्यांत. सरकारने पैसे माझ्या खात्यात टाकले तरी हे 140 पौंड कुठून येणार? त्यात नव्या अर्जदाराला पहिली रक्कम मिळायला पाच आठवडे लागतात. कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, घरांचं भाडं आठवड्याचं आणि भत्ता महिन्याचा, तोही वर्षाचे 52 आठवडे धरून. 2024-25 मध्ये भाडं आकारायचे सोमवार 53 आले. त्या जादा आठवड्याचं भाडं भत्त्यात धरलेलंच नव्हतं.

"मालक तरी निर्धास्त होतो" हेही अर्धवट. जुन्या हाउसिंग बेनिफिटच्या (युनिव्हर्सल क्रेडिटच्या आधी कौन्सिलमार्फत मिळणाऱ्या घरभाडं-भत्त्याच्या) काळात माझा एक भाडेकरू घर सोडून गेला, कौन्सिलला उशिरा कळलं, आणि तोवर माझ्या खात्यात जमा झालेल्या रकमेची मागणी मलाच आली. थेट पैसे घेतले की जास्तीचे परत करायची पाळीही आपल्यावर येऊ शकते.

घर नाकारण्याचं म्हणाल तर "भत्तेवाले नकोत" हा सरसकट नियम यॉर्कच्या न्यायालयाने 2020 मध्येच बेकायदा भेदभाव ठरवला. तरी बरेच एजंट महिन्याच्या भाड्याच्या तीसपट वार्षिक उत्पन्न मागतात. पैसे कुणाच्या खात्यात जातात याने ती अट हलत नाही. (आपल्यातले जे व्हिसावर आहेत त्यांना बहुधा यातलं काही मिळतच नाही, पण मेसेज पुढे ढकलण्यात तेही मागे नसतात.)

राहता राहिला भाडेकरू. मेसेजमध्ये त्याचं मत कुणी विचारलेलंच नाही. सरकारी खातंही विचारत नव्हतं: मालकाने मागितलं की भाडेकरूचं म्हणणं न ऐकताच भत्त्यातून भाडं आणि थकबाकी वळती व्हायची. हे बेकायदा असल्याचं हायकोर्टाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या फ्लॅटच्या बाथरूमला बुरशी आली. भाडेकरूने "भाडं पाठवलंय" या मेसेजखालीच छताचा फोटो टाकला. त्याच आठवड्यात माणूस पाठवला मी. भाडं तिच्या हातून न येता परस्पर जमा होत असतं, तर इतक्या लवकर हललो असतो का, शंकाच आहे.