कोहो का सोडला, आणि माझं कुठे चुकलं

नमस्कार,

तुमचा अभिप्राय शनिवारी रात्री वाचला. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण रागाच्या भरात भलतंच लिहून गेलो असतो म्हणून दोन दिवस थांबलो. तुमच्यासोबत आजोबा होते, नऊ वर्षांचा मुलगा होता, आणि त्या मुलाचा हिरमुसलेला चेहरा मी स्वतः पाहिला आहे. त्यामुळे दोन ओळींत आभार मानून विषय संपवणं मला बरं वाटत नाही.

बाकीच्या वाचकांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी कॅनडात, व्हँकुव्हरजवळच्या समुद्रात लोकांना माझ्या बोटीतून मासेमारीला नेतो. सहा तासांचे नऊशे डॉलर घेतले आणि पाच तासांतच परत आणलं. एकच मोठा मासा (कोहो, म्हणजे साल्मनचीच एक जात) लागला, तोही मालकाने बोटीत न घेता पाण्यातच सोडून दिला. पोराला फोटो काढू दिला नाही, वर त्याच्यावर ओरडला. त्याच धक्क्यावर दुसऱ्या बोटीने चार मासे आणले. "मराठी माणसाची बोट म्हणून गेलो होतो, हातातला रावस घालवून आलो," असं तुम्ही लिहिलंत.

ओरडलो, हे खरं आहे, आणि तिथे माझी चूक झाली. तुमचा मुलगा मासा धरायला बोटीच्या कडेवरून वाकला, तेव्हा "हात लावू नकोस!" असं मी ज्या आवाजात म्हणालो, तो आवाज लहान मुलासमोर काढायचा नसतो. इंजिनाचा आवाज होता, घाई होती, पण त्याने माझी चूक कमी होत नाही. त्याची मी मनापासून माफी मागतो. हे त्याला वाचून दाखवा, अशी विनंती.

पण मासा सोडला, ते बरोबरच होतं. ते का, हे सविस्तर सांगतो. बोटीवर सांगायला हवं होतं, तेव्हा राहून गेलं.

आपण व्हँकुव्हरजवळच्या बोवेन बेटाच्या दक्षिणेला, केप रॉजर कर्टिसच्या बाहेर होतो. डाउनरिगरवर (वजन लावून दोरी खोल सोडायचं साधन) नव्वद फुटांवर फ्लॅशर (माशाला खेचणारी चकाकती पट्टी) आणि त्यामागे चमचा (चमच्यासारखं धातूचं खोटं आमिष) लावला होता. दांडीचं टोक एकदम वर उसळलं आणि तुमच्या मुलाने रीळ हातात घेतलं. बोटीपासून वीसेक फुटांवर मासा पाण्याबाहेर उडाला, तेव्हाच मला वाटलं की हा कोहो असणार. चिनूक ही साल्मनची दुसरी जात बहुधा खोल पळते, कोहो वर येऊन उड्या मारतो. कडेला आल्यावर त्याच्या शेपटीकडे पाहिलं. ठिपके फक्त वरच्या पात्यावर. चिनूकच्या दोन्ही पात्यांवर असतात. म्हणजे कोहो नक्की. मग पाठीकडे पाहिलं. पाठीवरचा मोठा पर आणि शेपूट यांच्या मध्ये एक छोटासा मांसल पर (माशाचा पंख) असतो, करंगळीच्या पेराएवढा. तो शाबूत होता.

सगळा निर्णय त्या एवढ्याशा पराने केला. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेली पिल्लं बोटाएवढी असतानाच त्यांचा हा पर कापून मग त्यांना नदीत सोडतात. मासा मोठा होऊन परत आला की त्या जागी नुसता गुळगुळीत वण दिसतो. वण असलेला कोहो ठेवता येतो. पर असलेला कोहो वन्य समजायचा आणि त्या दिवशी, त्या पाण्यात तो सोडायचाच होता. हॅचरीच्या प्रत्येक पिल्लाचा पर कापलेला असतोच असं नाही, पण समुद्रात आपल्यापाशी ओळखीची तेवढीच एक खूण आहे.

तुम्ही विचाराल, एका माशाने काय बिघडतं? नव्वदच्या दशकात फ्रेझर नदीच्या वरच्या अंगाचा, थॉम्पसन या उपनदीकडचा वन्य कोहो इतका घटला की १९९८ मध्ये सरकारला कोहोच्या मासेमारीवर फार कडक बंधनं घालावी लागली. २००२ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने त्याला धोक्यात आलेला ठरवलं. कोहोचं आयुष्य साधारण तीन वर्षांचं. पहिलं वर्ष-सव्वा वर्ष गोड्या पाण्यात, पुढचा दीडेक वर्षाचा काळ समुद्रात, मग आपल्याच नदीत एकदाच अंडी घालायची आणि मरायचं. तुमच्या मुलाच्या गळाला लागलेला मासा त्या शेवटच्या वाटेवर होता. मादी असेल तर तिच्या पोटात दोन-तीन हजार अंडी असतील. पुढच्या वर्षी ती परत येणार नव्हती, तिला हीच एक संधी होती.

फोटोचंही असंच. कोहोचे खवले फार सैल बसलेले असतात. कोरड्या हाताने धरला की तळव्याला चमकीसारखे चिकटून येतात, अंगावरचा चिकट थरही निघतो आणि मग तिथे बुरशी धरते. म्हणून मी जाळी वापरली नाही आणि मासा पाण्याबाहेरही काढला नाही. गळ बिनकाट्याचा असतो, तसा कायदाच आहे. गळ सोडवायची आकडी दोरीवरून सरकवली, मनगट वळवलं, मासा गेला. तुमच्या मुलाचं लक्ष तेव्हा आजोबांकडून फोन घेण्यात होतं. तो वळेपर्यंत पाणी रिकामं होतं. ते दृश्य माझ्याही डोळ्यांसमोरून जात नाही. मासा पाण्यात असतानाच फोटो काढता आला असता. "फोन तयार ठेव, मी तीन म्हटलं की काढ," एवढं मी आधी सांगायला हवं होतं. आता प्रत्येक फेरीत निघण्यापूर्वी सांगतो.

दुसरा मासा चिनूक होता, अठ्ठावन्न सेंटिमीटर. किमान बासष्ट लागतात. पट्टी तुमच्यासमोरच लावली होती, त्यावर अधिक लिहीत नाही.

रावसाबद्दल मात्र लिहायला हवं, कारण तो शब्द माझ्या घरातला आहे. मी मालवणकडचा. आमच्या वाडीवर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायचे, आणि चांगला रावस आला की किनाऱ्यावर वेगळीच गडबड व्हायची. बाजारात त्याला 'इंडियन साल्मन' म्हणतात, म्हणून आपल्याला हे दोन्ही मासे एकाच घरातले वाटतात. तसं नाही. रावसाच्या छातीखाली चार मोकळे धागे लोंबतात, तो गढूळ, उथळ पाण्यातला मासा, त्याचं कूळच वेगळं. साल्मनसारखा तो एकदा अंडी घालून मरत नाही. तरी दोघांची एक गोष्ट सारखी आहे: वाढू दिला नाही तर संपतो. रावस आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. लहान रावसांचे ढीग विकले जाताना मी लहानपणी पाहिले आहेत. त्यातल्या एकालाही मादी होण्याएवढं वय मिळालं नव्हतं. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा वाईट वाटलं. "असले नियम फक्त इथेच," असं तुम्ही बोटीवर म्हणालात. महाराष्ट्रातही २०२३ मध्ये चोपन्न जातींना किमान आकार ठरवून दिला आहे.

आता तो एक तास. सकाळी निघताना वाऱ्याचा अंदाज वायव्येचा दहा ते पंधरा नॉट असा होता. साडेदहाच्या सुमाराला रेडिओवर नवा अंदाज आला: पंचवीसपर्यंत, जोरदार वाऱ्याचा इशारा. पाठोपाठ हॅलिबट बँक इथल्या, वारा आणि लाटा मोजणाऱ्या तरंगत्या बोयाचे आकडेही वाढलेले ऐकले. वारा एकीकडून आणि भरती-ओहोटीची ओढ दुसरीकडून असला की तिथे लाटा आखूड आणि उभ्या होतात. माझी बोट बावीस फुटी. आजोबांना आधीच बोट लागली होती, ते रेलिंगला धरून गप्प बसले होते. "अजून अर्धा तास थांबू," असं तुम्ही म्हणालात, मी नाही म्हणालो, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा नाहीच म्हणेन. हॉर्सशू बे या उपसागराच्या आत शिरलो तेव्हा मागे लाटांची टोकं पांढरी झालेली तुम्हीही पाहिलीत. पण सहा तास भरले नाहीत, तर सहाव्या तासाचे पैसे मी आपणहून द्यायला हवे होते. तुम्ही लिहीपर्यंत थांबायला नको होतं.

दुसऱ्या बोटीचे चार मासे मी पाहिले नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल काही म्हणणार नाही. वण असलेले कोहो किंवा मापात बसणारे चिनूक कुणालाही लागू शकतात. पाण्यात नशीब असतंच.

तुमच्या तक्रारीतला एक मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला: "वेबसाइटवर भलामोठा चिनूक उचलून धरलेला फोटो, प्रत्यक्षात हात हलवत परत." तो फोटो २०१७ चा आहे. २०१९ पासून आपल्या इथल्या समुद्राच्या, म्हणजे जॉर्जियाच्या सामुद्रधुनीच्या, मोठ्या भागात वसंतापासून जुलैच्या मध्यापर्यंत चिनूक ठेवताच येत नाही, आणि पुढेही बंधनं असतात. जुना फोटो लावून मी माणसांच्या मनात चुकीची आशा निर्माण केली. फोटो काल काढला. त्या जागी आता कोणत्या महिन्यात काय ठेवता येतं आणि काय सोडावं लागतं, हे मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं आहे. बुकिंग करणाऱ्याला फोनवरही हेच आधी सांगणार.

नऊशे डॉलर घरी माशाने भरलेला डबा नेण्यासाठी आहेत असं वाटलं असेल तर तो गैरसमज माझ्यामुळे झाला. ते बोटीचे, इंधनाचे आणि माझ्या वेळेचे आहेत. मासा मिळेल याची हमी मी देत नाही, आणि दिली तर ते खोटं ठरेल.

आणखी एक. कॅपिलानो नदीवरची हॅचरी नॉर्थ व्हँकुव्हरमध्ये आहे. १९५४ मध्ये वर क्लीव्हलंड धरण झालं आणि माशांची वाट अडली, म्हणून १९७१ मध्ये ती सुरू झाली. पाहायला पैसे लागत नाहीत. शरद ऋतूत तिथल्या माशांच्या पायऱ्यांवर काचेपलीकडे कोहो वर चढताना दिसतात, अगदी वीतभर अंतरावरून. तुमच्या मुलाला पाठीवरचा तो छोटा पर कुठे असतो आणि कापल्याचा वण कसा दिसतो, हे मला तिथे दाखवायचं आहे. तुमची हरकत नसेल तर ऑक्टोबरमधल्या कुठल्याही रविवारी मी येईन. आजोबांनाही आणा, तिथे जमीन हलत नाही.

सहाव्या तासाचे दीडशे डॉलर आज सकाळी तुमच्या कार्डावर परत केले आहेत. आठवडाभरात जमा झालेले दिसले नाहीत, तर बुकिंगच्या वेळी दिलेल्या नंबरवर मला फोन करा. संध्याकाळी सहानंतर मी धक्क्यावरून घरी आलेलो असतो.

– बोटीचा मालक