शेणकिड्याचं शिंग: आरएमए का नको

राम राम भाऊ,

तुमचे आक्षेप दोन. शेणकिड्याच्या शिंगाची लांबी अंगाच्या मापावर मांडताना मी साधं रिग्रेशन वापरलं; चूक दोन्ही मापांत असते, म्हणून आरएमए (रिड्यूस्ड मेजर ॲक्सिस, दोन्ही मापांतलं विखुरणं धरून रेघ ओढायची रीत) हवं होतं. आणि मापांचा लॉग (लॉगरिदम) घेतल्याने चित्र बिघडलं. पहिला पटत नाही, दुसरा बराचसा पटतो.

आरएमएचा उतार म्हणजे साधा उतार भागिले सहसंबंध. समजा साधा उतार १.२ आणि सहसंबंध ०.८, तर आरएमए १.५ सांगणार. हे वरचे ०.३ कॅलिपरच्या, म्हणजे मोजण्यातल्या चुकीच्या, माथी मारायचे का? छातीवरच्या ढालीच्या रुंदीचं (हेच अंगाचं माप) प्रमाण विचलन, म्हणजे किड्याकिड्यांतलं विखुरणं, ०.५ मिमी आणि हाताची चूक ०.०५ मिमी धरा. वर्ग करून भागलं की चुकीचा वाटा शंभरात एक. म्हणजे १.२ चे फार तर १.२१ होतील. बाकीचं विखुरणं किड्यांचं स्वतःचं. अळीला शेण कमी पडलं की नर बारका निघतो, शिंगही खुंटतं. शिवाय सहसंबंध शून्याला टेकला तरी आरएमए दोन प्रमाण विचलनांचा भागाकार करून ताठ रेघ ओढतंच. ती रेघ कशाची?

लॉगचं मात्र तुमचं खरं. बारक्या नराचं शिंग ०.२ मिमी असेल तर ०.०५ ची चूक म्हणजे पाव हिस्सा. ४ मिमीच्या शिंगात तीच सव्वा टक्का. लॉगवर हे बारके नरच रेघ ओढून नेतात. शिंगच नसेल तर शून्याचा लॉग निघत नाही, आणि सगळ्यांत १ मिळवायची युक्ती वक्राचा आकारच बदलते. म्हणून आधी कच्चे मिमी मांडून डोळ्यांनी बघा. मग सरळ रेघ, मोडकी रेघ (एका बिंदूला, म्हणजे मोडबिंदूला, वाकणारी) आणि एस-आकाराचा वक्र एआयसीवर (कोणतं सूत्र आकड्यांना जास्त बसतं हे सांगणारा, गुंतागुंतीला दंड लावणारा आकडा) ताडून पाहा. फरक २ च्या आत असेल तर मोडबिंदूचा दावा करू नका.

मोड दिसला तरी जात तपासा. गिरणाकाठच्या कुरणात शेणाच्या एकाच ढिगाखाली ओन्थोफॅगसच्या (शेणकिड्यांचं एक कूळ) दोन जाती सापडू शकतात. त्या मिसळल्या की खोटा मोड तयार!

एकूण लांबी मोजू नका, वाळताना पोट आकसतं. ढालीची रुंदीच घ्या. ३० नग दोन वेगळ्या दिवशी, आधीचा कागद झाकून मोजा; हाताची चूक त्यातूनच निघते. बोगदे खणून झिजलेली शिंगं फेकू नका, वेगळ्या रकान्यात खूण करा आणि त्यांच्यासह व त्यांच्याविना, असं दोनदा गणित चालवा.