पाऊस कुठला लावू?

'स्कायरिम' हा गेम आला २०११च्या नोव्हेंबरात. त्यात नायकाने ड्रॅगन मारावेत अशी माफक अपेक्षा आहे. माझा नायक गेममधल्या व्हाइटरन शहराच्या वेशीबाहेर उभा राहून आभाळाकडे बघत असतो, कारण मला अजून हवामान पसंत पडलेलं नाही.

गेमचं मूळ हवामान जरा करडं, आजारी. म्हणून मॉड, म्हणजे हौशी लोकांनी गेम बदलायला केलेल्या जोडण्या. ऑब्सिडियन, कॅथीड्रल, रस्टिक, व्हिव्हिड. बस्त्याच्या दुकानात होतं तेच होतं: पाचवा उलगडला की पहिलाच बरा होता असं वाटतं, आणि तोवर पहिला ढिगाखाली गेलेला असतो. गेममधला दिवस खऱ्या ७२ मिनिटांत उरकतो, त्यामुळे पहाट तपासायला फार थांबावं लागत नाही. पाऊस तर कन्सोलमध्ये, म्हणजे गेमला थेट हुकूम द्यायच्या खिडकीत, 'एफडब्ल्यू' आणि पुढे हवामानाचा कोड टाकला की हजर. एरवी लोकल चुकली की पावसाला शिव्या घालणारा मी, इथे मात्र "सर जरा तिरपी हवी" म्हणून कुरकुरतो.

बाहेरचं जमलंच, तर घरातले दिवे. लक्स की ईएलएफएक्स? दोघेही त्याच खोल्यांतला उजेड बदलतात, त्यामुळे एकत्र नांदत नाहीत; मॉड ज्या क्रमाने लागतात त्या लोड ऑर्डरमध्ये जो खाली, त्याचं चालतं. शिवाय पॅच, म्हणजे दोन मॉडचं जुळवून देणारं ठिगळ! कुणा मॉडवाल्याने खानावळीत चार टेबलं हलवली की त्याचा वेगळा पॅच. या सगळ्यावर ईएनबी, म्हणजे चित्राचा रंग-उजेड खुलवणारा आणखी एक थर. त्याचा प्रीसेट, म्हणजे तयार मांडणी, एखाद्या ठरावीक हवामानाच्या मापाने बेतलेला. हवामान बदललं की बर्फ असा पेटतो की डोळ्यांवर हात धरावा. फ्रेमरेटबद्दल, म्हणजे चित्र किती अडखळतं त्याबद्दल, न बोललेलंच बरं.

माझी खरी कमाई म्हणजे रात्र. मूळ गेममध्ये रात्रीसुद्धा सगळं निळंनिळं दिसतं. ही काय रात्र झाली? मी चांगली अमावस्या लावली. आई चहा घेऊन आली.

"बंद पडला का रे?"

"नाही गं, रात्र आहे."

"मग दिवा लाव की."

मशाल पेटवली. समोर हातभर अंतरावर लांडगा.

"अरे, मार त्याला!"

मारला असता, पण तलवार कुठल्या बटणाने उपसतात तेच आठवेना. सगळी बटणं दाबून होईपर्यंत लांडग्याने काम उरकलं होतं.

"मेलास वाटतं," आई म्हणाली. "मागचं धुकं मात्र छान होतं हं."

"जरा दाट नाही वाटलं?"