जिना वारले म्हणून पोलिस ॲक्शन झाली?

१७ सप्टेंबर, म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आलं तो दिवस, जवळ आला की आमच्या धाराशिवकडच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतो: “दिल्ली तेरा महिने नुसती बोलत बसली. जिना वारले, सरदारांनी हुकूम सोडला आणि रक्त न सांडता पाच दिवसांत निजाम शरण आला. घरचा मामला, बाहेरच्यांचा संबंध काय?” सरदारांबद्दल मलाही आदर आहे, पण हे असं घडलं नाही.

जिना ११ सप्टेंबर १९४८ ला गेले आणि भारताच्या फौजा १३ ला हैदराबाद संस्थानात शिरल्या (हीच ती पोलिस ॲक्शन), हे खरं. पण ७ सप्टेंबरलाच नेहरूंनी दिल्लीच्या सभागृहात बजावलं होतं: रझाकार (निजामाच्या बाजूची सशस्त्र संघटना) मोडा, आमची फौज सिकंदराबादला येऊ द्या. आणि सोलापूरहून नळदुर्गावर चाल करून जायची तयारी काय दोन दिवसांत होते?

बाहेरच्यांचा संबंध तर चांगलाच होता. निजाम सरकारने पाकिस्तानला वीस कोटींचं कर्ज दिलं होतं. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानाने हत्यारं आणत होता. २१ ऑगस्टला हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे तक्रारही केली. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये ती चर्चेला आली आणि दुसऱ्याच दिवशी निजामाने हत्यार टाकलं.

मला सगळ्यात खटकतं ते “नुसती बोलत बसली”. २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार, म्हणजे भारताशी व्यवहार पूर्वीसारखेच चालू ठेवायचा करार, निजामाच्या सहीचा होता. त्यानंतर त्याच्याच सरकारने संस्थानात कलदार (भारताचा रुपया) बंद केला. आजी सांगायची, बार्शीच्या बाजारातून येताना कलदार लुगड्याच्या ओच्यात गाठ मारून लपवायचे आणि करोडगिरीच्या (जकातीच्या) नाक्यावर छाती धडधडायची. करार कुणी मोडला हे दाखवायला दिल्लीच्या हाती असा पुरावा होता, तो त्या बोलण्यांमुळेच. जून १९४८ मध्ये माउंटबॅटन यांनी तयार केलेला तडजोडीचा मसुदा निजामाला खूपच झुकतं माप देणारा होता. तोही सरदारांनी मान्य केला. नाही म्हणाला तो निजाम. त्या महिन्यांत सीमेवरच्या गावांनी रझाकारी भोगली, तो हिशेब वेगळा, आणि तो मी विसरत नाही.

आणि “रक्त न सांडता”? सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने लिहून ठेवलंय: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांतच कारवाईत आणि त्यानंतर किमान १८,००० माणसं मारली गेली. बहुतेक मुसलमान, आपल्याच गावांतले.