आधी कौल, मग मुलाखत

‘हो, मुलाखतीला नक्की येतो’ असं फोनवर सांगून झालं, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात आलं की जाऊच नये? उत्तम. आता फक्त एवढंच सांभाळा की निर्णय तुमच्या हातून होता कामा नये. कोकणात त्यासाठी सोयी भरपूर आहेत.

रेल्वेचंच बघा. रोहा ते वीर हा टप्पा सोडला तर कोकण रेल्वेचा रूळ अजून एकेरी आहे. क्रॉसिंगला गाडी उभी राहिली की राहिली. तरीही रात्रीची कोकणकन्या टाळा, ती वेळेवर पोचायचा धोका असतो. त्यापेक्षा वेटिंगचं तिकीट काढावं आणि कन्फर्म झालं नाही म्हणून चारचौघांत हळहळावं. रस्त्याने जायचं म्हणाल, तर मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालंय. त्याच्यापुढे तुमचा आठवडाभराचा घोळ म्हणजे काहीच नाही. मुलाखत ऑनलाइन असेल तर सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळमाळावर, जाऊ नका, तिथे रेंज मिळते. आणि दिवस जूनचे असतील तर ‘लाईट गेली’ एवढं म्हणा. ते बहुधा खरंच असेल.

शंका कशाची आली, हे मात्र कंपनीला चुकूनही विचारू नका. मित्राने सांगितलं की तिथे दोन वर्षांचा बाँड लिहून घेतात आणि मार्कशीटच्या ओरिजिनल प्रती ठेवून घेतात. आता हे मुलाखतीतच विचारता येतं म्हणा. हातात येणारा पगार किती, शिफ्ट कुठली, कागद कशाला ठेवून घेता, हेही विचारता येतं. पण मग उत्तर मिळेल, आणि उत्तर मिळालं की ठरवावं लागेल! शिवाय मुलाखत दिली की नोकरी घ्यावीच लागते, नाही म्हणता येत नाही, असा कायदा असणारच. आपल्या वाडीत तरी सगळ्यांची तशीच समजूत आहे.

एवढ्यानेही भागलं नाही तर देवळात जाऊन कौल लावा. गुरव गाऱ्हाणं घालतो, सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणतात, देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या जातात. वाऱ्याने पडू नयेत म्हणून कुणीतरी उठून पंखा बंद करतं. उजवी पडली तर जा, डावी पडली तर राहा. तुम्ही श्वास रोखून बघताय आणि डावी पाकळी खालून सुटत, एका टोकावर लोंबत, अखेर पडते. लगेच तोंडातून निघतं, ‘परत एकदा लावूया काय?’ गुरव मान वर न करता म्हणतो, ‘तुका जावचा आसा काय नाय, ता आधी सांग.’ अशा गुरवाच्या नादी लागू नये. शेजारच्या गावात दुसरं देऊळ आहे.

आईला विचारलंत तर ती ‘तुझं तू बघ’ म्हणेल आणि दिवसभर भांडी आपटेल. मुंबईचे काका ‘ये, बघू’ म्हणतील. दोघांचं म्हणणं आपल्याला हवं तसं लावून घ्यावं, त्यात आपला हात कुणी धरत नाही.

आणि अखेर जायचं नाहीच असं झालं, तर ‘मला येणं जमणार नाही, कळवायला उशीर झाला, क्षमस्व’ असा दोन ओळींचा मेसेज पाठवण्याचा अविचार करू नका. त्याला मिनिटभर लागतं, आणि तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं जातं. फोन तांदळाच्या डब्यात ठेवा. तिसऱ्यांदा वाजल्यावर आबा तो शोधून काढतील आणि खरं तेच सांगतील, ‘तो देवळात गेलाय, कौल लावायला.’ पलीकडची एचआरवाली देवगडची निघाली, तर तीही क्षणभर विसरेल की आपण कंपनीतून बोलतोय आणि विचारेल, ‘मगे? उजवो इलो की डावो?’