सुहासरावांच्या प्रतिक्रियेला उत्तर : हॅसल, घटम आणि उचलेगिरी

सुहासराव, अमेरिकन ट्रम्पेटवादक जॉन हॅसलवरच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगली खरमरीत प्रतिक्रिया दिलीत, तेव्हा उत्तरही जरा ऐसपैस देतो. आक्षेप दोन. पहिला, 'याला ना ठेका ना सम, सिनेमात वाळवंट दाखवताना मागे वाजतं तसलं काहीतरी.' दुसरा, 'आदिवासींचे ताल उचलायचे, वर धुकं पसरायचं आणि आपल्या नावावर विकायचं.'

सम नाही, कबूल. पण ठेका नाही? १९८० सालच्या 'फोर्थ वर्ल्ड : पॉसिबल म्युझिक्स' या त्याच्या रेकॉर्डमधलं 'चार्म' लावा. २१ मिनिटांचा एकच तुकडा, रेकॉर्डची अख्खी दुसरी बाजू. ठेका पुढे येऊन मिरवत नाही, खालून सरकत राहतो. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलंत तर तो गायबच होतो. मला शंका आहे की तुमचं तेच झालं असावं. आणि वरचा तो आवाज सिंथेसायझरचा नाही, ट्रम्पेटचा आहे. आधी नुसता श्वास ऐकू येतो, मग त्यातून स्वर उमटतो. हार्मोनायझर नावाचं यंत्र त्या एका स्वराला सोबतीचे स्वर जोडत जातं. ट्रम्पेटला तीन पिस्टन, म्हणजे स्वर पायऱ्यापायऱ्यांनी मिळणार. मींड, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात अखंड घसरत जाणं, काढायची तर ती ओठांनीच. ती हॅसल शिकला पंडित प्राणनाथांकडे. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शागीर्द. तुम्ही स्वतः किराण्याच्या आलापीवर जीव टाकणारे. एकदा हे डोक्यात ठेवून ऐका, रागाची एकेका स्वरानं होणारी बढत ऐकू येते की नाही ते सांगा.

दुसरा आक्षेप वजनदार आहे, पण तो सगळ्या रेकॉर्डींना एकाच मापानं लावू नका. 'पॉसिबल म्युझिक्स'वर ब्राझीलचा नाना वास्कोन्सेलोस आणि सेनेगलचा आयीब डिएंग स्वतः वाजवतात, नावानिशी. डिएंगच्या हातात काय, तर घटम! न्यूयॉर्कचा स्टुडिओ, सेनेगलचा वादक, आपल्या दक्षिणेतलं मडकं. इथं कोणी कोणाचं उचललं, ते तुम्हीच ठरवा.

पुढच्याच वर्षीच्या 'ड्रीम थिअरी इन मलाया'त मात्र तुमचं म्हणणं टिकतं. ती रेकॉर्ड उभी आहे किल्टन स्ट्यूअर्ट या अमेरिकन अभ्यासकानं मलायातल्या सेनोई आदिवासींच्या स्वप्नांबद्दल जे लिहिलं त्यावर, आणि ते लिखाण पुढच्या अभ्यासकांनी पार खोडून काढलं. त्या रेकॉर्डमधल्या 'मलाय'मध्ये तिथलेच सेमेलाई आदिवासी पाण्यावर हात मारून ताल धरतात, त्याचं ध्वनिमुद्रण वापरलंय. छपाक-छपाक, मध्ये बारीकशी उसंत, पुन्हा छपाक. सबंध रेकॉर्डवर याहून जिवंत दुसरं काही नाही. आणि ते हात कोणाचे, हे ऐकून कळायला मार्ग नाही. नाना आणि आयीबची नावं मला पाठ आहेत, यांचं एकाचंही नाही. हॅसलच्या कामातला हा कच्चा दुवा आहे आणि त्याची वकिली मी करणार नाही.

यातली गंमत अशी की उचलेगिरीची तक्रार खुद्द हॅसलचीही होती! ब्रायन ईनो ('पॉसिबल म्युझिक्स'मधला हॅसलचा साथीदार) आणि डेव्हिड बर्न या संगीतकारांनी १९८१ मध्ये जी रेकॉर्ड काढली, तिच्यात आपलीच कल्पना आपल्याला बाजूला ठेवून वापरली, असं त्याला वाटत होतं आणि तो ते बोलूनही दाखवायचा. त्या भांडणात मी हॅसलच्या बाजूचा. मग सेमेलाईंच्या बाबतीत मला तुमच्या बाजूला यावंच लागतं.